उजनीच्या पोटातले पाणी

दर वर्षी मार्च उलटला की सोलापूरच्या वर्तमानपत्रांत उजनीचा आकडा पहिल्या पानावर येतो. आधी वीस टक्के, मग पाच, मग शून्य. आणि त्यानंतर तो चक्क उण्यात जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे साठच्या जवळ पोचला होता. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगताना भल्याभल्या सोलापूरकरांची तारांबळ उडते. उणे साठ टक्के पाणी म्हणजे काय? नसलेले पाणी आम्ही पितो की काय?

हिशेब तसा साधा आहे. भीमा नदीवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. मागच्या तलावाला 'यशवंतसागर' असे नाव आहे, पण ते कागदावर, बोलण्यात उजनीच. एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातले ५३.५७ टीएमसी 'उपयुक्त' आणि ६३.६६ टीएमसी 'मृत'. वर्तमानपत्रातली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटरवर असली की शंभर टक्के, ४९१.०३ मीटरवर उतरली की शून्य. म्हणजे शंभरापासून शून्यापर्यंतचा सगळा प्रवास ५.८ मीटरचा, दुमजली घराच्या उंचीएवढा. त्याखाली निम्म्याहून अधिक पाणी उरलेलेच असते. कोयनेचा मृत साठा पाच टीएमसीच्या आसपास आहे, जायकवाडीचा सव्वीसच्या. उजनीचा त्रेसष्ट! उणे साठ टक्के म्हणजे या त्रेसष्टातून बत्तीसेक टीएमसी संपले आणि एकतीस-बत्तीस उरले.

'मृत' हा अभियंत्यांचा शब्द. ठरवलेल्या किमान पातळीच्या खाली राहिलेले ते मृत, एवढाच त्याचा अर्थ. पण तलावाचा अभ्यास करणाऱ्यांच्या लेखी पाणी जिवंत की मृत हे दाराच्या उंचीवर ठरत नाही, त्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर ठरते. टीएमसी आणि टक्के यांवर रोज लिहिले जाते. या पाण्याच्या पोटात वर्षभर काय उलथापालथ चालते यावर मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

तलावाचे पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखे नसते, ही गोष्ट शास्त्र म्हणून प्रथम मांडली स्वित्झर्लंडच्या फ्रान्स्वा फोरेल यांनी. जिनिव्हाच्या तीनशे मीटर खोल सरोवरावर त्यांनी आयुष्य घालवले आणि १८९२ ते १९०४ या काळात त्यावर तीन खंड लिहिले. सरोवरशास्त्राची सुरुवात तिथली. मात्र त्यांचे सरोवर थंड मुलखातले. पाणी चार अंश सेल्सियसला सर्वांत जड असते, म्हणून तिथे तळाशी बारमाही थंडगार पाणी बसलेले असते आणि त्यावर उन्हाळ्यापुरता कोमट थर तरंगतो. आपल्याकडे तलावाचा तळही वीस-बावीस अंशांच्या खाली क्वचितच जातो. मग वरखालच्या तापमानात फरक पडून पडून किती पडणार, चार-पाच अंश? तेवढ्याने थर कसे होतील, असा प्रश्न कुणालाही पडावा.

उत्तर पाण्याच्या एका विक्षिप्त स्वभावात आहे. चार अंशांचे पाणी पाचावर नेले तर त्याची घनता नावापुरती घटते. चोवीसचे पंचवीसवर नेले तर ती त्याच्या तीसपट घटते. म्हणजे युरोपातल्या थंड तलावात जे काम मोठा तापमानफरक करतो, ते सोलापूरच्या उन्हात एक-दोन अंश करून जातात. १९२८-२९ साली थीनमान आणि रुटनर हे शास्त्रज्ञ जावा-सुमात्रा-बालीच्या सरोवरांवर गेले, तेव्हा त्यांना हेच दिसले. फरक थोडा, तरी थर पक्के. आणि तळचा ऑक्सिजन युरोपाच्या मानाने फार लवकर संपलेला. लवकर संपण्याला दोन कारणे. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो: चार अंशांना लिटरमागे तेरा मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसातच. त्यात उजनीसारखी समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर उंची असली तर आणखी थोडा कमी. आणि दुसरे, कुजण्याची क्रिया दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. मिळकत निम्मी आणि खर्च चौपट, असा हा संसार.

आता उजनीचा आकार पाहा. भीमेचे खोरे इथे उथळ आणि पसरट आहे. पूर्ण भरल्यावर पाणी तीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरते. साठा भागिले पसारा केले तर सरासरी खोली अकरा मीटर येते. कोयनेच्या शिवसागराची साठवण जवळपास तेवढीच, १०५ टीएमसी. पण पसारा सव्वाशे चौरस किलोमीटरच्याही आत. सरासरी खोली पंचवीस मीटरच्या वर. तेवढेच पाणी एकीकडे घागरीत ठेवले आहे आणि दुसरीकडे परातीत. परातीतले पाणी लवकर तापते, लवकर उडते, आणि वाऱ्याने लवकर ढवळते. मे महिन्यात दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले आणि तलाव आटून दोनशे चौरस किलोमीटरवर आला आहे असे समजले, तरी रोज सोळा लाख घनमीटर, म्हणजे १६० कोटी लिटर पाणी आकाशात जाते. सोलापूर शहर दिवसाला जेवढे पाणी वापरते त्याच्या साधारण दहापट. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. क्षार, फॉस्फरस, जे काही विरघळलेले असते ते सगळे मागे राहते. म्हणून उन्हाळ्यात आकडा घसरतो तेव्हा फक्त पाणी कमी होत नाही, उरलेले दाटही होते.

पण ही परात सगळीकडे सारखी नाही. भिगवणकडचा वरचा भाग उथळ, दलदलीचा. रोहित पक्षी येतात ते तिथे. तिथले पाणी दुपारच्या वाऱ्याने तळापर्यंत ढवळते. खाली भीमानगरकडे, विशेषतः बुडालेल्या जुन्या नदीपात्रावर, खोली पुष्कळ आहे. थर बसतात ते तिथे. भारतीय जलाशयांवर व्ही. व्ही. सुगुणन यांचा १९९५ चा मोठा अहवाल आहे. त्यातला एक मुद्दा उजनी समजून घ्यायला फार उपयोगी पडतो: द्वीपकल्पातल्या जलाशयांत तापमानाचे थर पुष्कळदा अस्पष्ट असतात, पण ऑक्सिजनचे थर स्पष्ट असतात, आणि वरून खाली ऑक्सिजन जितका झपाट्याने उतरतो तितका तो जलाशय खताळ. थर्मामीटरला जे दिसत नाही ते रसायनाला दिसते.

हे रसायन घरी करता येण्याजोगे आहे. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली पद्धत दिली. ठरावीक खोलीवरचे पाणी हवा न लागू देता बाटलीत भरायचे आणि त्यात मँगनीजचा क्षार व अल्कली सोडायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो, नसेल तर साका पांढराच राहतो. पुढचे मोजमाप प्रयोगशाळेचे. पण रंग डोळ्यांना दिसतो. एका एप्रिलमध्ये मच्छीमारांच्या होडीतून मी जुन्या पात्रावर गेलो होतो. वरच्या पाण्याच्या बाटलीत गर्द तपकिरी साका आला, पिकल्या चिंचेच्या रंगाचा. दोरी तळाशी सोडून काढलेल्या बाटलीत तो पांढरा राहिला. झाकण उघडताच सडक्या अंड्याचा वास आला, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. होडीवाल्याला नवल वाटले नाही. तळाला लागलेले जाळे वर काढताना त्याला हा वास नेहमीचाच होता.

वर्षाचा क्रम साधारण असा चालतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत वरचे पाणी गारठून जड होते, खाली बसते, आणि तलाव तळापर्यंत फिरतो. तळाला वर्षातला खरा श्वास मिळतो तो तेव्हा. फेब्रुवारीअखेर वरचे पाणी तापू लागते, मार्चपासून थर बसतात. एप्रिल-मे मध्ये खोल भागात तळाचा ऑक्सिजन संपतो. मध्येच वळवाचे वादळ आले तर थर मोडतात आणि तळचे पाणी एकदम वर येते. मासे मरून किनाऱ्याला लागल्याची बातमी अशा दिवसांत आली तर आधी 'कुणी विष टाकले' असे म्हटले जाते. एका रात्रीत ऑक्सिजन गमावलेले पाणी हेही कारण असू शकते, ते तपासले पाहिजे. वाऱ्याची ही ताकद कमी लेखू नये. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान अचानक सुटलेल्या वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा माणसे गेली. एवढ्या उघड्या पाण्यावर वारा कुठेही अडत नाही. मग जून-जुलैत वरच्या धरणांतून आणि नद्यांतून गढूळ लोंढा येतो. तो तलावातल्या पाण्यापेक्षा थंड आणि मातीने जड असला तर सरळ खाली शिरतो आणि तळाचा गाळ ढवळतो.

तळाचा ऑक्सिजन संपला तर बिघडले कुठे, आपण काही तळाला राहत नाही, असे कुणी म्हणेल. बिघडते ते गाळात. गाळातला फॉस्फरस लोहाशी बांधलेला असतो, आणि ती गाठ ऑक्सिजन असेपर्यंतच टिकते. इंग्लंडच्या सरोवरांवर काम करणाऱ्या क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये दाखवून दिले की ऑक्सिजन संपताच ही गाठ सुटते. लोह, मँगनीज आणि फॉस्फरस पाण्यात मोकळे होतात. म्हणजे तलाव स्वतःच स्वतःला खत घालू लागतो. गाळ ही ठेव आहे, आणि दर उन्हाळ्यात तिचे व्याज निघते.

ही ठेव कुणी ठेवली? भीमेला इंद्रायणी आणि पवनेचे पाणी घेऊन आलेली मुळा-मुठा येऊन मिळतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, वाटेतल्या उसाच्या शेतांतले खत, कारखान्यांचे पाणी हे सगळे उजनीच्या तोंडाशी येऊन थांबते. नदी वाहती असते तेव्हा घाण पुढे जाते. तलाव आला की ती बसते. 'उजनी म्हणजे पुण्याची सेप्टिक टँक' हा आमच्याकडचा जुना चिडका विनोद आहे. चीड रास्त आहे, पण मामला सांडपाण्यावर प्रक्रिया झाली की नाही एवढ्यावर मिटत नाही. नेहमीचे प्रक्रिया केंद्र सेंद्रिय घाण बरीच कमी करते, पाणी दिसायला स्वच्छ होते. फॉस्फरसचा मोठा भाग मात्र तसाच पुढे जातो. तो काढायला वेगळी प्रक्रिया लागते. म्हणून 'इतक्या दशलक्ष लिटरवर प्रक्रिया होते' हा आकडा नदीच्या दुर्गंधीबद्दल काही सांगतो, उजनीच्या हिरवेपणाबद्दल फारसे नाही.

एक हिशेब मांडून पाहू. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस बाहेर पडतो. लाख माणसांचा दीडशे किलो. एक किलो फॉस्फरसवर शेवाळाचे सुमारे शंभर किलो कोरडे वजन वाढू शकते. हे शेवाळ मरून कुजले की सुमारे १४० किलो ऑक्सिजन खाते. पाण्याच्या दर घनमीटरला आठ ग्रॅम ऑक्सिजन धरला तर १४० किलो म्हणजे पावणेदोन कोटी लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन. एका किलोमागे! प्रत्यक्षात सगळा फॉस्फरस तलावापर्यंत पोचत नाही, पोचलेला सगळा शेवाळात जात नाही, आणि हवेतून ऑक्सिजन परत मिळत राहतो. तरी प्रमाण लक्षात यावे. दोष फॉस्फरसचाच कशावरून, नायट्रोजनचा का नाही, हा वाद एकेकाळी मोठा होता. १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने '२२६' क्रमांकाच्या तलावात मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन घातले, फॉस्फरस एकातच. तोच अर्धा हिरवा झाला. विमानातून काढलेले ते छायाचित्र सरोवरशास्त्रातले सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र असावे.

उजनीत हिरवेपणा येतो तो बराचसा निळ्या-हिरव्या शेवाळाने, त्यातही मायक्रोसिस्टिसने. नाव शेवाळ असले तरी हे मुळात जिवाणू. पेशीत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असल्याने ते हवे तेव्हा वर तरंगते, हवे तेव्हा खाली जाऊन खत घेऊन येते. स्थिर, तापलेले, थर बसलेले पाणी त्याला मानवते. भर दुपारी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतका खाते की पाण्याचा सामू आठवरून नऊच्या दिशेने सरकतो. ते फक्त वरच्या पाण्यात. तळाशी त्याच वेळी उलटा प्रकार. पांढऱ्या ताटाला दोरी बांधून खाली सोडायचे आणि ते दिसेनासे होते ती खोली मोजायची, ही आंजेलो सेकी या इटालियन धर्मगुरूची १८६५ मधली युक्ती. उजनीत मार्चनंतर माझे ताट हातभर खाली जाताच गडप होते. म्हणजे सूर्यप्रकाश फार तर वरच्या दोन-तीन हातांत. बाकी सगळा तलाव अंधारात, आणि अंधारात ऑक्सिजन तयार होत नाही.

आता नळाकडे येऊ. सोलापूरला उजनीचे पाणी दोन वाटांनी येते. एक, थेट जलवाहिनीने शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापून पाकणीच्या शुद्धीकरण केंद्राला. दुसरी, धरणातून नदीत सोडून औज बंधाऱ्यात आणि टाकळीच्या उपशाला. नदीच्या वाटेत पाण्याचा फार मोठा भाग जिरतो, उडतो, उपसला जातो. शहराला घोटभर पाणी द्यायला तलावातून हंडाभर सोडावे लागते. पण एक गुण त्या वाटेचा मान्य करायला हवा: वाहताना पाण्याला हवा लागते, मँगनीज आणि सल्फाइड वाटेतच निवतात. नळीतल्या पाण्याला ती सोय नाही. तलावात जसे असेल तसे ते केंद्रावर येऊन पडते.

आणि तलावात कुठले पाणी उचलले जाते? पातळी खाली गेली की जॅकवेलला पाणी पोचत नाही. मग तरंगते पंप लावून 'दुबार पंपिंग', पुढे 'तिबार पंपिंग' करावे लागते. हे शब्द आता सोलापुरात शाळकरी मुलालाही ठाऊक आहेत. उन्हाळी वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून वाहतो, आणि धरण तलावाच्या पूर्वेच्या टोकाला आहे. तरंगते शेवाळ वारा तिकडेच लोटतो. वरून पाणी घ्यावे तर शेवाळ, खालून घ्यावे तर लोह, मँगनीज आणि वास. मधला चांगला थर दर आठवड्याला वरखाली होत असतो.

जुळे सोलापुरातल्या कुठल्याही घरात मे महिन्यात याची खूण सापडेल. पाण्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, पण तो सुखाचा नसतो. हा जिओस्मिन आणि त्याच्या जातीच्या एका द्रव्याचा वास. लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश असले तरी माणसाच्या नाकाला कळतात. ते स्वतः घातक नाहीत, क्लोरीनने मात्र जात नाहीत. सक्रिय कोळशाने जातात. बादलीच्या तळाशी बसणारा काळसर साका बहुतेक वेळा मँगनीजचा. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येते आणि टाकीत साठवून पुरवावे लागते. क्लोरीन साठवणीत उडून जातो, मँगनीज सावकाश काळे पडत खाली बसते. म्हणून पहिल्या दिवशी नितळ दिसलेले पाणी चौथ्या दिवशी कळकट दिसते. शेजारीपाजारी याचा दोष टाकी न धुणाऱ्याला देतात.

'उकळून प्या' हा सल्ला जंतूंसाठी उत्तम. पण मायक्रोसिस्टिसचे काही प्रकार यकृताला घातक विष तयार करतात आणि ते उकळून नष्ट होत नाही. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू गावी अशा शेवाळाचे पाणी डायलिसिससाठी वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात या विषाची तात्पुरती मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम अशी घातली. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. तुरटीने शेवाळाच्या पेशी अखंड बसवून काढल्या तर बरेचसे विष पेशीबरोबरच निघून जाते. धोका वाढतो तो शेवाळ पाण्यातच मारल्याने. मोरचूद टाकला किंवा कच्च्या पाण्यातच भरपूर क्लोरीन ओतला की पेशी फुटतात आणि आतले सगळे पाण्यात येते. पाणी हिरवे दिसेनासे होते, तक्रारी थांबतात. मला हा उपाय अजिबात पटत नाही.

मग सांडपाणी थांबवले तर तलाव सुधारेल का? दोन उदाहरणे आहेत. अमेरिकेत सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात १९६३ ते १९६८ दरम्यान सांडपाणी टप्प्याटप्प्याने वळवले गेले आणि ते काही वर्षांत निवळले. ते खोल, आणि त्यातले पाणी वेगाने बदलणारे. स्वीडनमधल्या ट्रुमेन या उथळ तलावात सांडपाणी थांबवूनही काही बदलले नाही. शेवटी १९७०-७१ मध्ये वरचा गाळ उपसून काढावा लागला, तेव्हा पाणी सुधारले. उजनी खोलीने ट्रुमेनइतकी उथळ नाही आणि वॉशिंग्टनइतकी खोल नाही, पण गाळातली ठेव पाहता तिची वागणूक ट्रुमेनच्या बाजूची असेल असे मला वाटते. गाळ काढण्याची चर्चा आपल्याकडे अधूनमधून होते, ती साठवण वाढवण्यासाठी आणि वाळूच्या उत्पन्नासाठी. कुठला गाळ, कुठल्या खोलीवरचा, आणि काढताना ढवळलेला फॉस्फरस कुठे जाणार, हे प्रश्न त्या चर्चेत येत नाहीत.

दुसरी जलवाहिनी आल्याने आणखी पाणी आणता येईल. ते पाणी तलावातले तेच. ते कुठल्या थरातून उचलायचे, हे ठरवायला जॅकवेलजवळ दर मीटरला तापमान आणि ऑक्सिजन आठवड्यातून एकदा मोजावे लागेल. त्याला लागते एक होडी, खुणा केलेली दोरी, आणि हातात मावेल एवढे यंत्र. उजनीची पातळी रोज सकाळी सेंटिमीटरपर्यंत मोजून प्रसिद्ध होते. त्या आकड्याशेजारी मार्च ते जूनपर्यंत आणखी एक आकडा छापता येईल, ऑक्सिजन किती मीटर खोलीवर संपतो हा.